चौथ्या जागेवरची बोली

डावीकडचा म्हणाला, एक बदाम. समोरचा भिडू पास. उजवीकडचाही पास. आता चौथ्याने पास म्हटलं की लिलाव तिथेच संपला. त्याच्या हातात चार इस्पिक, चार चौकट, तीन किलवर, दोन बदाम अशी पानं आहेत. त्यात एक एक्का, एक राजा, एक राणी, म्हणजे चार, तीन, दोन मिळून 9 गुण. हीच पानं घेऊन तो उघडणाऱ्याच्या लगेच पुढे बसलेला असता तर निमूट पास म्हणाला असता. इथे मात्र जाणता खेळाडू डबल म्हणतो आणि लिलाव जिवंत ठेवतो. क्लबांत याला बॅलन्सिंग म्हणतात, ब्रिटिश पुस्तकांत प्रोटेक्शन. स्वतःच्या पानांपेक्षा गप्प बसलेल्या भिडूच्या पानांवर जास्त भिस्त ठेवून केलेली अशी दुसरी बोली पत्त्यांच्या जगात मला माहीत नाही. तिची कुळी पुष्कळ मागे जाते, आणि त्या वंशावळीतली एक पिढी आपल्याच देशात घडली असं सांगतात.

मूळपुरुष व्हिस्ट. चार माणसं, तेरा-तेरा पानं, समोरासमोरचे दोघे भिडू, आणि वाटणाऱ्याचं शेवटचं उघडं पान ज्या रंगाचं तो रंग हुकूम. बोलीचा प्रश्नच नव्हता. 1886 साली लंडनमध्ये ‘बिरिच’ नावाच्या खेळाची एक छोटी पुस्तिका छापली गेली. त्या खेळात हुकूम ठरवायचा अधिकार वाटणाऱ्याला किंवा त्याच्या भिडूला मिळाला. बाकीचे दोघे फार तर डबल म्हणू शकत, पण हुकूम आपल्याकडे खेचून घेणं त्यांच्या हाती नव्हतं.

खेचाखेच सुरू झाली ती ऑक्शन ब्रिजपासून. इंग्रजी ग्रंथांत त्याच्या जन्माची कथा येते ती हिंदुस्थानातली. आडगावच्या ठाण्यावर असलेले तीन आयसीएस अधिकारी, खेळायला चौथा नाही, म्हणून त्यांनी डमीसाठी, म्हणजे चौथ्या उघड्या हातासाठी, आपसांत बोली लावायची पद्धत काढली. ‘जॉन डो’ या टोपणनावाने अलाहाबादेत छापलेलं पुस्तकही या कथेच्या जोडीने सांगितलं जातं. जानेवारी 1903 मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये या खेळाबद्दल ऑस्वाल्ड क्रॉफर्ड यांचं पत्र आलं आणि काही वर्षांत तिकडचे क्लब ऑक्शन खेळू लागले. आपल्या कथेपुरतं महत्त्वाचं एवढंच, की चौघांपैकी कोणीही बोलू शकतो आणि लागोपाठ तीन पास पडल्याशिवाय बोली मिटत नाही, हा नियम इथे आला. चौथ्या जागेला अधिकार मिळाला तो इथे.

अधिकार मिळाला, पण पुरावा नव्हता. ऑक्शनमध्ये एक बदाम बोलून दहा हात जिंकले तरी चार बदामांचे गुण मिळत आणि गेम पूर्ण होई. मग वर चढायचं कशाला? भरभक्कम पानं असलेली जोडीसुद्धा एकावर खुशाल थांबे. प्रतिपक्षातले खाली थांबले याचा अर्थ ते दुबळे आहेत, असं कोणाला म्हणता येत नव्हतं.

तो पुरावा दिला हॅरोल्ड व्हँडरबिल्ट यांनी. 1925 च्या शरद ऋतूत ‘फिनलँड’ जहाजावरून लॉस एंजेलिसहून पनामा कालव्यामार्गे हवानाकडे जाताना त्यांनी तिघा मित्रांबरोबर नवी गुणपद्धत खेळून पाहिली. गेमसाठी फक्त बोललेले हात धरायचे, हे तिचं मूळ तत्त्व. कल्पना त्यांची एकट्याची नव्हे, फ्रान्समधल्या ‘प्लाफाँ’ या खेळात ती आधीच होती. पण गेम, स्लॅम आणि दंड यांचे आकडे त्यांनी असे बसवले की खेळ जगभर पसरला. एक गेम जिंकलेल्या जोडीला जास्त दंड बसतो, त्या अवस्थेला ‘व्हल्नरेबल’ हा शब्द जहाजावरच्या एका तरुणीने सुचवला. तिचं नाव कोणी टिपून ठेवलं नाही, ही मला या इतिहासातली खरी हळहळ वाटते, कारण चौथ्या जागेवरचा माणूस आजही बोलण्याआधी पहिल्यांदा तिच्याच शब्दाचा विचार करतो.

आता खाली थांबणं बोलकं झालं. चार बदामांचा गेम हवा असेल तर चार बदाम म्हणायलाच हवं. ज्यांच्याजवळ गेमपुरती पानं आहेत ते एकावर किंवा दोनावर थांबत नाहीत. म्हणजे जे थांबले त्यांच्याजवळ ती बहुधा नाहीत. भिवंडीतल्या धामणकर नाक्याच्या आसपास ग्रे कापडाचे सौदे ज्यांनी जवळून ऐकले आहेत त्यांना हा तर्क समजावून सांगायला नको. दोघे भागीदार मिळून मालाचा भाव करत असतील आणि फार लवकर थांबले, तर शेजारी उभा असलेला तिसरा जाणतो की यांच्या गाठीला फारसं नाही. ब्रिजमध्ये तर एकूण भांडवलही ठाऊक असतं. एक्क्याचे चार, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक, म्हणजे चार रंगांचे मिळून 40 गुण. यातला एकही गुण चौघांच्या हातांबाहेर जात नाही.

सुरुवातीचा डाव घेऊ. एक बदाम उघडणाऱ्याचे 14 धरले. त्याचा भिडू पास म्हणाला, म्हणजे त्याच्याजवळ साधारण सहाहून कमी, समजा चार. माझे नऊ. बेरीज 27. उरलेले 13 समोरच्या माझ्या भिडूकडे आहेत. मग तो गप्प का? बदामची पानं त्याच्याच हातात साचली असतील किंवा बोलण्याजोगा लांब रंग त्याच्याकडे नसेल. तो बोलू शकला नाही म्हणून त्याच्या वाटचं मी बोलायचं. शिकवताना म्हणतात, ‘भिडूकडून एक राजा उसना घे’, म्हणजे आपल्या हातात तीन गुण जास्त समजून बोल. आणि भिडूनेही पुढे हे उसनं लक्षात ठेवून तेवढे गुण वजा करूनच उत्तर द्यायचं. नवशिक्या जोड्यांत बॅलन्सिंग फसतं ते बहुतेक वेळा इथे. एकाने उसना घेतलेला राजा दुसरा पुन्हा मोजतो आणि जोडी दोन पायऱ्या जास्त चढून बसते.

पण पुरावा असला तरी उद्देश हवा. एक-दोन पातळीच्या किरकोळ ठेक्यासाठी कोणी जीव धोक्यात का घालावा? पैशांवर खेळल्या जाणाऱ्या रबर ब्रिजमध्ये घाई करण्याजोगं फारसं काही नव्हतं. उद्देश आला डुप्लिकेटमधून. तीच पानं सगळ्या टेबलांवर फिरवायची आणि निकाल शेजाऱ्यापाजाऱ्यांशी ताडून पाहायचे, ही कल्पना व्हिस्टच्या काळातली. ‘कॅव्हेंडिश’ या नावाने लिहिणाऱ्या हेन्री जोन्स यांनी 1857 मध्ये लंडनला तसा सामना भरवला होता. ब्रिजमध्ये तिचं मॅचपॉइंट झालं. तिथे फरक किती याला किंमत नाही, पुढे की मागे एवढंच मोजतात. दहा गुणांनी पुढे असणं आणि हजारांनी पुढे असणं सारखंच. मी व्हँडरबिल्ट यांना या बोलीचे वडील मानेन, पण आई मॅचपॉइंट आहे. तिच्याशिवाय हे मूल जन्मालाच आलं नसतं.

आकडे पाहा. प्रतिपक्षाने दोन बदाम बोलून आठ हात केले तर त्यांना 110. आपण त्यांना दोन इस्पिकवर चढून रोखलं आणि एक हात कमी पडला, तर आपण व्हल्नरेबल नसताना दंड 50. दोन कमी पडले तर 100. हरूनही दहा गुणांनी आपण सरस, आणि त्या दहा गुणांवर अख्खं टेबल जिंकता येतं. व्हल्नरेबल असताना दोन हात कमी पडले तर दंड 200. गप्प बसलेली सगळी टेबलं मग आपल्यापुढे जातात. हा 200 आकडा क्लबातल्या जुन्या खेळाडूंच्या मनात इतका खोल रुतलेला असतो, की ते आधी कोण व्हल्नरेबल ते पाहतात आणि मगच पानांकडे वळतात. टीमच्या सामन्यात गणित बदलतं. तिथे साठ गुणांच्या फरकाला फक्त दोन आयएमपी, म्हणजे टीमच्या मोजणीतले दोनच गुण, मिळतात, म्हणून तिथे हिशेब जपून करावा लागतो.

फ्रान्सच्या ज्याँ-रने व्हर्न यांनी या अंदाजाला मोजमाप दिलं. त्यांचा एकूण हातांचा नियम 1969 मध्ये ‘ब्रिज वर्ल्ड’ मासिकातून इंग्रजी वाचकांपुढे आला. दोन्ही बाजूंनी आपापल्या सर्वांत लांब रंगाला हुकूम केलं तर दोघांचे मिळून हात सरासरीने त्या दोन रंगांतल्या पानांच्या बेरजेइतके होतात. मला त्यातलं सर्वांत सुंदर वाटतं ते असं. प्रतिपक्ष एक बदाम, दोन बदाम करून थांबला आणि त्यांच्याजवळ आठ बदाम आहेत. म्हणजे आपल्या दोघांजवळ बदाम पाच. आपल्या 26 पानांतली उरली 21, तीन रंगांत वाटलेली. ती नेमकी सात-सात-सात पडली नाहीत, तर एका रंगात आपल्यालाही किमान आठ पानं असणारच. त्यांना जोड सापडली आहे यातूनच आपली जोड असल्याचं कळतं. म्हणून अशा लिलावात दोन बदामांवर प्रतिपक्षाला सोडून देणं ही चूक धरतात. अमेरिकेत माइक लॉरेन्स यांनी 1981 मध्ये फक्त बॅलन्सिंगवर एक पूर्ण पुस्तक लिहिलं, आणि 1992 मध्ये लॅरी कोहेन यांच्या पुस्तकाने व्हर्न यांचा नियम घरोघरी नेला.

पास कधी म्हणायचं, हे त्या पुस्तकांतलं मला सर्वांत मोलाचं वाटतं. उघडणाऱ्याच्या बदाममध्ये माझ्याकडेच चार-पाच पानं असतील तर भिडूकडे त्या रंगाचं एखादंच पान असणार. तसा हात आणि वर गुण असते तर तो आधीच बोलला असता. तो गप्प राहिला, म्हणजे गुण त्याच्याकडे नाहीत, ते उघडणाऱ्याकडे आहेत. इथे बोलणारा त्यांना मोठा ठेका सापडवून देतो. हातात इस्पिक नसतील तरीही सांभाळावं, कारण इस्पिक वरचा रंग आहे आणि लिलाव पुन्हा उघडला की प्रतिपक्ष तिकडे सरकू शकतो. आणि ज्यांना एकमेकांच्या रंगात जोड सापडलीच नाही, त्यांना त्या अडचणीत राहू द्यावं.

आपल्याकडे मेंढीकोट आणि तीनशे चार खेळत वाढलेल्या माणसाला हे शिकायला वेळ लागतो, असं मी पाहिलं आहे. तीनशे चारमध्ये गुलामाचे तीस, नव्वीचे वीस, एक्क्याचे अकरा, दश्शीचे दहा, राजाचे तीन, राणीचे दोन, एका रंगाचे 76 आणि चार रंगांचे 304. हा हिशेब पोरवयातच तोंडपाठ असतो आणि बोली लागते ती हातातल्या गुलाम-नव्वीच्या जोरावर. स्मरण तयार, धीटपणा तयार. नवं शिकायचं असतं ते न दिसणाऱ्या हाताचं मोजमाप. मुंबईचे जग्गी शिवदासानी आणि राजू तोलानी 2018 च्या जकार्ता एशियाडमध्ये पुरुष संघाचं कांस्य आणि पुढे हांगचौमध्ये रौप्य घेऊन आले. त्या पातळीवर हे मोजमाप श्वासासारखं चालतं. 1967 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमी कौशल्याचा खेळ ठरवताना तिच्यातल्या दैवाची तुलना ब्रिजच्या वाटपाशी केली होती. पानं वाटली जाईपर्यंत दैव, त्यापुढे डोकं. चौथी जागा याचं मला उत्तम उदाहरण वाटते.

याच जागेवर खेळाच्या प्रामाणिकपणाचीही सर्वांत कठीण परीक्षा होते. भिडूने चटकन पास म्हटलं आणि भिडूने बराच वेळ विचार करून पास म्हटलं, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. थांबून म्हटलेला पास सांगतो की गुण आहेत, पण बोलता येत नाही. नेमकं हेच चौथ्याला हवं असतं. ब्रिजच्या कायद्यातलं सोळावं कलम म्हणतं, ही माहिती बोलीतून आली नाही, थबकण्यातून आली, म्हणून तिच्या आधाराने बोलायचं नाही. तुमची पानं आणि लिलाव एवढ्यावरूनच ती बोली स्पष्ट नसेल, तर पास म्हणा. नाहीतर स्पर्धेचा डायरेक्टर निकाल फिरवू शकतो. स्वीडनमध्ये निघालेल्या बोलीच्या कार्डांच्या डब्यांनी आवाजातले चढउतार संपवले. 1975 च्या बर्म्युडा बाऊल या जागतिक स्पर्धेपासून मोठ्या स्पर्धांत टेबलावर तिरपा पडदा आला. भिडू दिसत नाही. बोलीची कार्डं ट्रेवर ठेवून पडद्याखालून सरकवतात, आणि ट्रे पलीकडच्या दोघांच्या बोली घेऊन एकदमच येतो. तो उशिरा आला तरी थांबलं कोण, आपला भिडू की त्याच्या शेजारचा, हे अलीकडच्याला सांगता येत नाही.