गर्भजल, कायदा आणि सीमेचा दगड

1989 च्या उन्हाळ्यातली गोष्ट. कोल्हापूर भागातली आमची आत्या सुनेला घेऊन बेळगावला आमच्या घरी दोन दिवस राहायला आली. वहिनीला दोन मुली होत्या आणि तिसऱ्या खेपेला चौथा महिना सरत आला होता. सकाळी दोघी गावात जाऊन आल्या. संध्याकाळी वहिनी परसातल्या धुण्याच्या दगडावर एकटीच बसून राहिली. आईने तिला चहा नेऊन दिला. विचारले काहीच नाही. रात्री आत्या हलक्या आवाजात म्हणाली, "आमच्याकडं आता कायदा झालाय गं. तुमच्याकडं अजून नाही, म्हणून आलो." पंधरा-वीस दिवसांनी ती एकटीच पुन्हा आली, एक चिठ्ठी घेतली आणि दुपारच्या एस.टी.ने परत गेली. तिसरी मुलगी त्या घरात आली नाही.

सीमाभागात राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी सीमेविषयी पुष्कळ लिहिले आहे. भाषेचा, शाळांचा, पाट्यांचा इतिहास आपल्याला तोंडपाठ आहे. पण ही सीमा आणखी एका कामासाठी वापरली गेली आणि आपण ते पाहिले, हे मात्र आपण फारसे लिहीत नाही. ती हकीकत सांगायची तर थोडे मागे जावे लागेल.

1949 साली कॅनडात मरे बार आणि त्याचा विद्यार्थी बर्ट्राम यांना मांजराच्या मज्जापेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना मादीच्या पेशीकेंद्रात एक गडद ठिपका दिसला. नराच्या पेशीत तो नव्हता. पुढे सहा-सात वर्षांतच हाच ठिपका गर्भाभोवतीच्या पाण्यातल्या पेशींत शोधून मुलगा की मुलगी हे जन्माआधी सांगता येते, असे कोपनहेगनसह दोन-तीन ठिकाणच्या डॉक्टरांनी दाखवले. 1960 साली कोपनहेगनच्या रिस आणि फुक्स यांनी या ज्ञानाचा पहिला उपयोग प्रसिद्ध केला. हिमोफिलिया, म्हणजे रक्त न गोठण्याचा रोग, आईकडून मुलग्यांना येतो. मुली सहसा त्यातून सुटतात. म्हणून अशा घरात गर्भ मुलाचा निघाला तर गर्भपात करण्यात आला. वाचकांनी हे नीट लक्षात घ्यावे: गर्भलिंग पाहून केलेल्या या पहिल्या गर्भपातांत गेले ते मुलगे होते. त्यांतला प्रत्येक मुलगा रोगी असताच असेही नाही. निम्मे निरोगी निघण्याची शक्यता होती. ठिपक्यावरून लिंग कळे, रोग कळत नसे. विज्ञानाला अर्धेच कळले होते आणि निर्णय मात्र पुरा घ्यावा लागत होता. ही अडचण तेव्हापासूनची आहे.

1966 मध्ये गर्भजलातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांची सगळी गुणसूत्रे मोजता येऊ लागली. एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असली की मूल मतिमंद होते, हे 1959 सालीच कळले होते. आता ते जन्माआधी ओळखता येईना झाले असे राहिले नाही. पण पेशी वाढायला दोन-तीन आठवडे लागत, आणि गर्भजल चौथ्या महिन्याआधी काढता येत नसे. म्हणजे निकाल हाती येईपर्यंत पाचवा महिना लागे. आत्याची ती पंधरा-वीस दिवसांनंतरची फेरी कशासाठी होती, हे मला पुष्कळ वर्षांनी हे वाचताना उमगले.

भारतात ही परीक्षा सत्तरच्या दशकात दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत आली, ती आनुवंशिक दोष शोधण्यासाठी. गर्भपाताचा कायदा 1971 चा, तोही तेव्हा नवाच होता. थोड्याच दिवसांत डॉक्टरांच्या ध्यानात आले की आलेल्या बायकांपैकी बहुतेकींना दोषाशी कर्तव्य नाही. मुलगी आहे म्हटले की गर्भपात हवा. सरकारी रुग्णालयांत लिंग सांगणे बंद करण्यात आले. खासगी दवाखान्यांना मात्र कोणी विचारले नाही. आज पाचशे खर्च करा, पुढचे पाच लाख वाचवा, अशा अर्थाच्या जाहिराती उघडपणे लागत. पाच लाख कशाचे, हे कोणाला समजावून सांगावे लागत नव्हते.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मुंबईत स्त्रियांच्या संघटना, डॉक्टर आणि वकील यांनी मिळून याविरुद्ध मंच उभारला. त्यांच्या रेट्यामुळे 1988 साली महाराष्ट्राने गर्भलिंग परीक्षेवर नियंत्रण आणणारा कायदा केला. असा कायदा करणारे ते देशातले पहिले राज्य. याचा अभिमान बाळगायला हरकत नाही. पण राज्याचा कायदा राज्याच्या हद्दीत संपतो. निपाणीला एस.टी. पोचली की तो मागे राही. मिरजेहून कागवाड किती लांब आहे हे तुम्हां-आम्हांला सांगायला नको. देशभर एकच कायदा हवा, ही मागणी तेव्हापासून जोर धरू लागली. संसदेने तो 1994 साली केला आणि 1 जानेवारी 1996 पासून तो लागू झाला. म्हणजे एका बाजूला कायदा आणि दुसऱ्या बाजूला मोकळे रान, अशी साडेसात-आठ वर्षे या सीमेने पाहिली.

1994 चा कायदा वाचण्यासारखा आहे. त्याने परीक्षा बंद केली नाही. आईचे वय पस्तिशीच्या पुढे असेल, दोन वा अधिक गर्भ आपोआप पडले असतील, घराण्यात आनुवंशिक व्यंग असेल, अशा कारणांसाठी ती करता येते. लिंग मात्र सांगायचे नाही. तोंडाने नाही, खुणेनेही नाही. बाईने परीक्षा करवली असेल तर ती नवऱ्याच्या किंवा सासरच्यांच्या दडपणाखाली केली, असे न्यायालयाने धरून चालावे, अशीही तरतूद आहे. परसातल्या दगडावर बसलेली वहिनी आठवली की हे कलम लिहिणाऱ्यांना घरे माहीत होती असे वाटते.

कायदा झाला, पण कपाटात राहिला. 2000 साली मुंबईची 'सेहत', पुण्याची 'मासूम' आणि डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा कुठे राज्यांना जाग आली. 2001 च्या जनगणनेने तर सगळेच उघडे केले. सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे कोल्हापूर जिल्ह्यात मुली 839, सांगलीत 851. ऊस, दूध, सहकार, शिक्षण, सगळ्यांत पुढे असलेले हे जिल्हे! बेळगाव जिल्ह्यात तो आकडा 921 होता. आम्ही इकडे जरा समाधानाने पाहिले, हे कबूल करतो. पण दवाखाना इकडे आणि मुलगी तिकडची कमी, असेही त्या आकड्यांत असू शकते, हा विचार तेव्हा सुचला नाही.

2003 मध्ये कायदा सुधारला गेला. गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही त्यात आली, कारण तोवर शास्त्र पुढे गेले होते. 1990 साली लंडनमध्ये नळीतल्या गर्भाची एक पेशी काढून लिंग ठरवण्यात आले आणि मुलींचेच गर्भ आईच्या पोटात ठेवले गेले. कारण पुन्हा तेच, मुलग्यांना होणारे आनुवंशिक रोग. आपल्याकडे ते तंत्र नेमके उलट्या कामाला लागेल, ही भीती खोटी नव्हती. दोन मुली असलेल्या एका जोडप्याने मुंबई उच्च न्यायालयात या बंदीलाच आव्हान दिले. नको असलेल्या गर्भामुळे होणारा मनस्ताप कायदा मान्य करतो, मग आमचा का नाही, असा त्यांचा सवाल होता. 2007 मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. निकाल मला योग्य वाटतो. तरी सवाल सोपा नव्हता. जास्तीचे गुणसूत्र असलेल्या मुलाविषयी जाणून घेण्याचा आणि निर्णय करण्याचा अधिकार आईबापांना आहे, मुलीविषयी नाही. ही रेघ शास्त्राने आखलेली नाही, समाजाने आखली आहे. अपंगांच्या चळवळीतली माणसे त्या रेघेबद्दल बोट दाखवून विचारतात, तेव्हा मला तयार उत्तर सापडत नाही.

कोल्हापूरला जिल्हाधिकारी असताना लक्ष्मीकांत देशमुख यांनी सोनोग्राफी यंत्रांना प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणारे उपकरण बसवले. ते न्यायालयात गेले आणि 2011 मध्ये उच्च न्यायालयाने उचलून धरले. (हेच देशमुख 2018 साली बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते.) 2011 च्या जनगणनेत कोल्हापूर 863 वर आले, सांगली 867 वर. पण 2017 च्या मार्चमध्ये मिरज तालुक्यात, सीमेलगतच्या म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेले एकोणीस गर्भ सापडले आणि तपास थेट कर्नाटकापर्यंत गेला. आता दोन्हीकडे कायदा एकच होता. वाट मात्र जुनीच, फक्त उलट्या दिशेची.

1997 साली डेनिस लो आणि सहकाऱ्यांनी आईच्या रक्तात गर्भाचा डीएनए तरंगत असतो हे दाखवले. त्यामुळे आता दंडातले थोडे रक्त पुरते. सुई पोटात घालायला नको, पाचव्या महिन्याची वाट पाहायला नको. कायद्याच्या शब्दांत हीही परीक्षा बसते. पण यंत्राला कुलूप लावता येते, रक्ताची छोटी नळी कुठल्याही पार्सलातून जाऊ शकते.

लिंगनिदान होत नाही अशी पाटी इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत लावणे दवाखान्यांना बंधनकारक आहे. मिरजेला ती मराठीत असते, अथणीला कन्नडमध्ये. गेल्या वर्षी वहिनी नातीच्या बारशाला बोलवायला आली होती. परसातला तो दगड आता नाही, तिथे न्हाणीघर झाले आहे. जाताना ती तिथे क्षणभर थांबली आणि आईला म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही चहा दिलात, वन्सं. एक शब्द विचारला असता तर मी गेले नसते कदाचित." आई आता ब्याण्णव वर्षांची आहे. तिला ऐकू आले की नाही, कळले नाही.