व्यवहारमयूख आणि परमुलखातील मराठी घर

महाराष्ट्राबाहेर राहून महाराष्ट्रासाठी लिहिणाऱ्यांची परंपरा आपण समजतो त्याहून जुनी आहे. पैठणचे रामेश्वरभट्ट सोळाव्या शतकात काशीस जाऊन राहिले आणि त्यांच्या वंशात तीन-चार पिढ्या धर्मशास्त्राची अखंड ग्रंथरचना झाली. त्यांचे पुत्र नारायणभट्ट. १६१२ मध्ये 'निर्णयसिंधु' रचणारे कमलाकरभट्ट हे नारायणभट्टांचे नातू, आणि १६७४ मध्ये शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकास आलेले गागाभट्ट हे कमलाकरांचे पुतणे. याच घराण्यातील नीलकंठभट्टांनी 'भगवंतभास्कर' ही बारा ग्रंथांची माला गुंफली. भास्कराचे बारा किरण म्हणून बारा 'मयूख'. त्यांतील सहावा 'व्यवहारमयूख', म्हणजे ऋणादान, दायविभाग, साक्षीपुरावा इत्यादी वादांचा ग्रंथ.

या ग्रंथाचे भाग्य पुढे इंग्रजी अमदानीत उदयास आले. १८२७ मध्ये बोराडेल यांनी त्याचे भाषांतर केले. १८८० मध्ये विश्वनाथ नारायण मंडलिकांनी आणि १९२६ मध्ये पांडुरंग वामन काणे यांनी त्याच्या साक्षेपी आवृत्त्या काढल्या. गुजरात, मुंबई बेट व उत्तर कोकण येथे न्यायालयांनी मयूखास मिताक्षरेच्याही वर बसविले. उर्वरित महाराष्ट्रात तो मिताक्षरेच्या खालोखाल राहिला.

मद्रास इलाख्यात ग्रंथांची मांडणी निराळी होती. येथेही मूळ आधार विज्ञानेश्वरांची मिताक्षरा हाच. पण तिच्या जोडीस देवण्णभट्टांची 'स्मृतिचंद्रिका' आणि माधवाचार्यांचा 'पराशरमाधवीय' असे. आता हा भेद केवळ पंडितांच्या वादाचा होता काय? मुळीच नव्हे. मयूखाने बहिणीस सपिंडांत गणून आजीच्या पाठोपाठ वारसा दिला. मद्रासेत तिला दूरच्या बंधुवर्गात उभे राहावे लागे, आणि ही स्थिती १९२९ च्या कायद्याने पालटली. मुंबईकडे वारसाने मिळालेल्या धनावर कन्येचे पूर्ण स्वामित्व मानीत. मद्रासेत ते तिच्या हयातीपुरतेच.

दत्तकाचीही तीच कथा. पतीच्या अनुज्ञेवाचून स्त्रीने पुत्र घेऊ नये, हे वसिष्ठवचन सर्वांसच मान्य. अर्थ मात्र प्रत्येकाचा वेगळा. मयूखाच्या मते हा निर्बंध पतीच्या हयातीपुरता. विधवेस तो लागू नाही. द्रविड देशात पतीची अनुज्ञा नसल्यास सपिंडांची संमती आवश्यक ठरली. रामनाड जमीनदारीच्या दाव्यात प्रिव्ही कौन्सिलने १८६८ मध्ये या साऱ्या मतांची छाननी केली आणि सिद्ध झालेल्या रूढीचे बळ ग्रंथवचनाहून अधिक आहे असा दंडक घालून दिला.

मग मुलूख सोडून आलेल्या कुटुंबास कोणता ग्रंथ लावावयाचा? न्यायालयांनी यास दिलेले उत्तर आम्हांस फार मोलाचे वाटते. स्थलांतर करणारे घर आपला कायदा बरोबर घेऊन जाते, असे गृहीत धरावे. त्याने नव्या प्रांताची रूढी स्वीकारली असे म्हणणाऱ्याने ते सिद्ध करावे. महाराष्ट्रातून मध्यप्रांतात गेलेल्या एका ब्राह्मण कुटुंबाच्या दाव्यात, बळवंतराव विरुद्ध बाजीराव या खटल्यात, १९२० साली हेच तत्त्व लागू झाले. अशा वादांत घरातील संस्कार कोणत्या पद्धतीने होतात, उपाध्याय कोठला, सोयरिकी कोठे जुळतात, हे पुराव्यास येई. म्हणजे देवघरातील जी चालरीत आपण केवळ हौसेने जपली असे वाटते, तिच्यावर एखाद्या बहिणीचा वा लेकीचा हक्क अवलंबून असू शके.

१९५६ च्या वारसा कायद्याने वारसाहक्कातील हे प्रांतभेद मिटविले, आणि त्याच वर्षीच्या दत्तक कायद्याने विधवेस स्वतःच्या अधिकारात दत्तक घेण्याची मुभा सर्वत्र दिली. मयूखाचा अधिकार तेथे संपला. पुढे एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीस जन्मसिद्ध वाटा तमिळनाडूने १९८९ मध्ये दिला. महाराष्ट्राने तोच मार्ग १९९४ मध्ये धरला, आणि २००५ मध्ये तो साऱ्या देशाचा कायदा झाला. आमच्या या चेन्नईतील मराठी घरांपुरते बोलावयाचे तर, एके काळी लेकीसाठी अधिक उदार कायदा महाराष्ट्रातून बरोबर आणावा लागे. १९८९ मध्ये तो येथील भूमीनेच, महाराष्ट्राच्या पाच वर्षे आधी, तिच्या ओटीत घातला. नीलकंठभट्टांच्या वंशजांस आणि वाचकांस याचा खेद वाटण्याचे कारण नाही. बहिणीस वारसांच्या पंक्तीत बसविणाऱ्या त्या ग्रंथकाराचा कल याच दिशेस होता.