आपल्या रेडिओवर राजकारण का नसते?



हे भाषण रेडिओसाठी बारा मिनिटांत बसवले होते. छापायला देताना थोडे वाढवले आहे, कारण इतिहास म्हटला की बारा मिनिटे पुरत नाहीत. विषय आमच्या गटातल्याच एका ताईंनी दिला. निवडणुकीचे दिवस होते. बैठकीत त्या म्हणाल्या, "आपल्या रेडिओवर बाळंतपण असतं, बचत असते, गांडूळखत असतं. मग उभं कोण राहिलंय आणि ते पाण्याचं काय करणार, हे का नाही सांगत?"

उत्तर एका वाक्यात देता येते. सरकारच्या नियमात ते बसत नाही. पण हा नियम आला कुठून, हे आम्ही शोधायला बसलो आणि पार इंग्रजांच्या काळात जाऊन पोचलो.

इंग्रजांनी १८८५ साली तार कायदा केला. संदेश पाठवण्याचा हक्क सरकारचा, बाकीच्यांनी परवाना मागायचा, हे त्याचे मूळ. रेडिओ नंतर आला, पण तोही याच कायद्याखाली गेला. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे केंद्र सुरू झाले ते एका खाजगी कंपनीचे होते. तीन वर्षांत कंपनी डबघाईला आली, सरकारने केंद्र हातात घेतले आणि १९३६ साली त्याचे ऑल इंडिया रेडिओ झाले. पुढे स्वातंत्र्य मिळाले तरी कायदा तोच राहिला. तुमच्या आजीकडे रेडिओ असेल तर तिला विचारा, नुसते ऐकायलासुद्धा परवाना लागत असे. पोस्टात जाऊन त्याचे पैसे भरावे लागत.

अशा काळात मुंबईत एका मुलीने चोरून रेडिओ चालवला. उषा मेहता हे नाव शाळेच्या पुस्तकात एखाद्या ओळीत येते आणि निघून जाते. आम्हाला वाटते त्यांच्याजवळ थोडे थांबायला हवे.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये 'भारत छोडो'चा ठराव झाला आणि दुसऱ्याच दिवशी पहाटे सगळे मोठे पुढारी तुरुंगात गेले. वर्तमानपत्रांवर बंधने होती, सरकारी रेडिओ सरकारचेच सांगत होता. तेव्हा बावीस वर्षांच्या उषाबेन आणि त्यांचे सोबती विठ्ठलभाई झवेरी, चंद्रकांत झवेरी, बाबूभाई खाकर यांनी मिळून 'काँग्रेस रेडिओ' काढला. राममनोहर लोहियांची त्यांना साथ होती. २७ ऑगस्टला ४२.३४ मीटरवरून पहिले प्रसारण झाले. जागेचा पत्ता सांगायचा नाही, फक्त 'भारतातून कुठून तरी' एवढेच सांगायचे. पोलिसांच्या गाड्या लहरींचा माग काढत गल्लोगल्ली फिरत होत्या, म्हणून यंत्र उचलून सारखे घर बदलावे लागे. आज या इमारतीत, उद्या त्या.

त्या रेडिओवर काय असे? कारखान्यांतल्या संपाच्या बातम्या असत. आष्टी-चिमूरच्या बातम्या असत. विदर्भातल्या या गावांत आंदोलनानंतर पोलीस आणि सैनिकांनी जे केले, चिमूरच्या बायकांवर जे अत्याचार झाले, ते छापायची सोय नव्हती. ते हवेतून सांगितले गेले. बायकांवरच्या अन्यायाची बातमी बाईच्या पुढाकाराने चाललेल्या, सरकारच्या लेखी बेकायदा रेडिओवरून गेली, हे आपल्या गटांना माहीत असायला हवे.

हे सगळे तीन महिनेही टिकले नाही. १२ नोव्हेंबर १९४२ ला पोलिसांनी छापा घातला. उषाबेनना चार वर्षांची सक्तमजुरी झाली आणि त्या येरवड्याला गेल्या. सुटून आल्यावर त्या शिकल्या, मुंबई विद्यापीठात प्राध्यापक झाल्या, १९९८ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. म्हणजे त्यांचा सन्मान आपल्या सरकारने केला. त्यांनी जे केले ते करण्याची परवानगी मात्र स्वतंत्र देशात छोट्या रेडिओला मिळाली नाही.

तरी एकदा फार चांगला प्रयत्न झाला, आणि तो आपल्याच महाराष्ट्रात. १९५६ साली आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने पुणे केंद्रावरून शेतकऱ्यांसाठी रेडिओ मंडळे चालवली. पाच मराठी जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावे निवडली. प्रत्येक गावात वीसेक जणांचे मंडळ केले. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण वीस कार्यक्रम झाले. मंडळाने एकत्र बसून ऐकायचे, रेडिओ बंद करून बोलायचे, काही ठरवायचे, आणि आपले प्रश्न केंद्राला लिहून कळवायचे. पुढच्या कार्यक्रमात त्या प्रश्नांना उत्तरे मिळत. ही पद्धत मूळची कॅनडातल्या शेतकऱ्यांची होती.

वाचताना आमच्या लक्षात आले की ही तर आपल्या बचत गटाचीच रीत आहे. वीसेक माणसे, ठरलेला दिवस, चर्चा, ठराव, नोंद. फरक एवढाच की आपल्याकडे पैशांची पेटीही असते.

त्या मंडळांतून विहिरी, खत, कोंबड्या असे विषय निघाले. गाव एकदा बोलायला बसले की पंचायतीपर्यंत पोचणारच. पंचायतीचा पैसा कुठे गेला हे विचारणे म्हणजे राजकारण, की गावचा विकास? सरकारी भाषेत या दोन पेट्या वेगळ्या आहेत. गावात तसे नसते.

मुंबई केंद्राने यातून आपली वाट काढली होती. ज्यांचे वय पन्नाशीच्या पुढे आहे त्यांना 'प्रपंच'मधले टेकाडे भावजी आणि मीनावहिनी आठवतील. घरातल्या गप्पाच, पण त्यात महागाई येई, रोजची गैरसोय येई. हसत हसत दोन शब्द सुनावलेही जात. उघड टीका मात्र सरकारी रेडिओला जमणारी नव्हती. २६ जून १९७५ च्या सकाळी आणीबाणीची बातमी देशाला आकाशवाणीवरूनच कळली, आणि पुढचे दीड वर्ष विरोधकांचा आवाज तिथे आला नाही. लोकांनाही ते कळत होते, ते बीबीसी लावायचे. १९७७ च्या निवडणुकीत पहिल्यांदा मान्यताप्राप्त पक्षांना आकाशवाणीवर बोलायला वेळ मिळाला, विरोधकांनाही. ती पद्धत पुढे चालू राहिली. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

९ फेब्रुवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेटच्या सामन्यांच्या एका खटल्यात निकाल दिला की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. भांडण क्रिकेटच्या प्रक्षेपणाचे होते, पण उपयोग खेड्यातल्या बायकांना झाला. तेलंगणात, जहीराबादजवळच्या माचनूर गावात दलित शेतकरी बायकांनी नव्वदच्या दशकातच स्टुडिओ उभा केला होता. परवाना नव्हता. मग त्या कार्यक्रम कॅसेटवर भरायच्या आणि गावोगावच्या संघांच्या बैठकीत वाजवायच्या. अशी सुमारे दहा वर्षे काढली. २००६ च्या नोव्हेंबरमध्ये सरकारने संस्थांना सामुदायिक रेडिओची दारे उघडली आणि ऑक्टोबर २००८ मध्ये त्यांचे 'संघम रेडिओ' हवेत गेले. त्याच वर्षी साताऱ्यातल्या म्हसवडला 'माणदेशी तरंग' सुरू झाले, माणसारख्या दुष्काळी तालुक्यात. आज देशात अशी सुमारे पाचशे केंद्रे आहेत.

आता अटी ऐका. अशा केंद्राच्या प्रक्षेपणाची ताकद साधारण १०० वॅट, म्हणजे आकडा आपल्या जुन्या पिवळ्या बल्बचा. मनोऱ्याची उंची तीस मीटरपर्यंत. आवाज सपाटीवर दहा-पंधरा किलोमीटर जातो. एफएमच्या लहरी सरळ रेषेत जातात, त्यामुळे मध्ये डोंगर आला की मागच्या वाड्यांवर नुसती खरखर. कल्याणकडून बोललेले मलंगगडाच्या पलीकडे जात नाही, आणि शहरातल्या उंच इमारतीही आता डोंगरासारख्याच आडव्या येतात. आणि मुख्य अट अशी की बातम्या, चालू घडामोडी आणि राजकीय स्वरूपाचे काहीही सांगायचे नाही. हवामान, रहदारी, परीक्षांचे निकाल, वीज-पाण्याच्या सूचना एवढ्यांना बातमी मानत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या मात्र जशाच्या तशा ऐकवता येतात.

याचा आपल्या भागात काय अर्थ होतो ते बघा. कल्याण-डोंबिवलीजवळची २७ गावे १९८३ साली महानगरपालिकेत होती. २००२ मध्ये ती बाहेर पडली. २०१५ मध्ये पुन्हा आत आली. २०२० मध्ये त्यातली १८ गावे वगळायचे ठरले, ते उच्च न्यायालयात टिकले नाही. घरपट्टी किती, पाणी कोण देणार, ग्रामपंचायत राहणार की नगरसेवक येणार, सगळे यावर अवलंबून. शंभर वॅटचा रेडिओ ज्या पंचक्रोशीसाठी असतो, त्या पंचक्रोशीचा याहून जवळचा विषय कोणता? पण मोर्चे, न्यायालय, पक्षांच्या भूमिका आल्या की ती चालू घडामोड झाली. आमच्या बायकांनी एकदा टँकरवर कार्यक्रम केला होता. हंडे, रांग, मध्यरात्रीची जाग हे सगळे प्रसारित झाले. 'टँकर कुणी अडवला' हा प्रश्न मात्र कापला गेला. केंद्रातल्या मुलीचाही इलाज नव्हता, तिच्या संस्थेचा परवाना गेला असता.

सरकारची भीती अगदीच खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. आफ्रिकेतल्या रवांडा देशात १९९३ साली आरटीएलएम नावाचा रेडिओ सुरू झाला. गाणी, चेष्टामस्करी, लोकांच्याच बोलीत गप्पा. १९९४ च्या कत्तलीत तोच रेडिओ शेजाऱ्यांना शेजाऱ्यांवर सोडत होता. तिथेही डोंगरच डोंगर. पुढे एका अभ्यासकाने ज्या गावांत आवाज नीट पोचत होता आणि ज्या गावांत डोंगरामुळे पोचत नव्हता, त्यांची तुलना केली, तेव्हा ऐकू येणाऱ्या गावांत हिंसा जास्त दिसली. या निष्कर्षावर वाद आहेत. पण केंद्र चालवणाऱ्या प्रमुखांना आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००३ मध्ये दोषी ठरवले, त्यात वाद नाही.

अमेरिकेची गोष्ट वेगळी. तिथे रेडिओने वादाच्या विषयात दोन्ही बाजू मांडाव्यात असा नियम होता, तो १९८७ मध्ये गेला. पुढच्याच वर्षी रश लिम्बॉ नावाच्या निवेदकाचा राजकीय बडबडीचा कार्यक्रम देशभर सुरू झाला. उपग्रहावरून तो छोट्या छोट्या गावांच्या केंद्रांना मिळे. स्वतःची माणसे ठेवण्यापेक्षा ते स्वस्त पडे. बघता बघता सहाशेहून जास्त केंद्रांवर एकच माणूस बोलू लागला. मनोरा गावचा, आवाज मात्र दूरच्या शहरातला. गावच्या शाळेचे, रस्त्याचे बोलायला तिथे कोण उरणार?

आम्हाला हा धोका आपल्याकडेही दिसतो. आपल्याकडच्या केंद्राने दिल्लीच्या बातम्या ऐकवल्या तर चालते. पंतप्रधानांची 'मन की बात' २०१४ पासून आकाशवाणीवर येते आणि अनेक सामुदायिक केंद्रांवरही लागते. ती ऐकावी, आमची त्याला हरकत नाही. पण दिल्लीचे राजकीय पद सांभाळणारा माणूस त्या मनोऱ्यावरून बोलू शकतो आणि आपल्या वॉर्डातली सदस्य ताई निवडणुकीबद्दल बोलू शकत नाही, हे उलटे आहे. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. ग्रामपंचायतीची निवडणूक तर पक्षाच्या चिन्हावर लढवलीही जात नाही. मग तिथे बंदी नेमकी कशाची?

१९७७ ची पद्धत ध्यानात ठेवा म्हटले होते ते यासाठी. आकाशवाणीवर पक्षांना ठरवून वेळ देता येतो, तर गावच्या केंद्रावर प्रत्येक उमेदवाराला सारखी पाच मिनिटे आणि सारखेच प्रश्न का देऊ नयेत? आधी ध्वनिमुद्रण करावे, ते जपून ठेवावे, तक्रार आली तर तपासावे. जात-धर्म काढणाऱ्याचा आवाज तिथेच बंद. रवांडाची भीतीही अशी आवरता येते आणि अमेरिकेसारखे उसने बोलणेही आणावे लागत नाही. काही बायकांना हे पटत नाही. त्या म्हणतात, आज सगळ्या पक्षांच्या घरातल्या बायका एका गटात बसतात, रेडिओवर राजकारण आले की गट फुटेल. ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. निवडणुकीनंतर दोन महिने एकमेकींशी न बोललेल्या जावा आम्ही पाहिल्या आहेत. पण त्या जावांत फूट पडली तेव्हा रेडिओवर राजकारण नव्हतेच. ते व्हॉट्सअ‍ॅपवर होते, जिथे कुणाला सारखी पाच मिनिटे मिळत नाहीत.

नियम बदलेपर्यंत आम्ही १९५६ ची रीत धरली आहे. गुरुवारी गट एकत्र बसून कार्यक्रम ऐकतो. रेडिओ बंद केला की जे तिथे बोलता येत नाही ते बोलतो, त्याला परवाना लागत नाही. डोंगराआडच्या वाडीत केंद्र लागत नाही, तिथल्या ताई मोबाइलच्या मेमरी कार्डवर कार्यक्रम भरून नेतात, माचनूरच्या बायका कॅसेट न्यायच्या तशा. बोलण्यातून निघालेले प्रश्न वहीत उतरतात आणि ज्या गावांत ग्रामपंचायत आहे तिथे ते ग्रामसभेत वाचले जातात. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेसाठी वहीत आतापर्यंत सात प्रश्न झाले आहेत. पहिला टँकरचाच आहे.