क्लेअरमाँटच्या पांढऱ्या विटा

इंग्लंडातील सरे परगण्यात, ईशर गावाजवळ, क्लेअरमाँट नावाचा प्रासाद आहे. १७५६ साली तुळाजी आंग्र्यांच्या विजयदुर्गावर फौज घेऊन उतरलेल्या आणि पुढल्याच वर्षी प्लासी जिंकणाऱ्या रॉबर्ट क्लाइव्हने तो बांधविला. त्याने ही जागा विकत घेतली. व्हॅनब्रूने रचलेले तेथील जुने घर सखल, दमट भूमीवर होते. ते पाडून लॅन्सलॉट ब्राऊन आणि हेन्री हॉलंड यांच्याकडून त्याने उंचवट्यावर नवे उभारून घेतले.

इमारत विटांची, पण विटा तांबड्या नव्हेत, पांढुरक्या. कडा-चौकटी तेवढ्या दगडी, म्हणून दुरून सारे घरच दगडी भासते. नोकरचाकरांची लगबग पाहुण्यांच्या दृष्टीस पडू नये, यासाठी तळघर जमिनीत दडविलेले. समोर रुंद पायऱ्या, वर कॉरिंथियन स्तंभ, त्यांवरील त्रिकोणी शिरोभागात क्लाइव्हचे कुलचिन्ह. डावी-उजवी बाजू अगदी तोलून बसविलेली. जॉर्जियन अभिरुचीचा संयम म्हणतात तो हाच!

या संयमाचे मोल मात्र बंगालने मोजले होते. १७७३ त पार्लमेंटात त्या संपत्तीची झडती झाली. क्लाइव्ह सुटला, पण १७७४ च्या नोव्हेंबरात तो वारला. बांधकाम तेव्हा कोठे पुरे होत आले होते. त्या घरात राहणे त्याच्या नशिबी नव्हते. आज तेथे मुलांची शाळा भरते.