ताजी फळे : रोजचा आहार आणि घरगुती बेकिंग

न्यू टाउन (कोलकाता) : कोलकाता शहराच्या ईशान्येस, राजारहाटच्या शेतजमिनी व मासळीच्या तळ्यांच्या प्रदेशात न्यू टाउन ही नियोजित नगरी वसली आहे. 1999 मध्ये स्थापन झालेल्या 'हिडको' या राज्य शासनाच्या महामंडळाकडे तिच्या उभारणीचे काम सोपविण्यात आले. रुंद रस्ते, उंच इमारती, माहिती तंत्रज्ञान कंपन्यांची संकुले आणि डिसेंबर 2012 मध्ये खुले झालेले विस्तीर्ण इको पार्क ही या नगरीची आजची ओळख आहे. नोकरीच्या निमित्ताने देशाच्या सर्व भागांतून आलेली कुटुंबे येथे राहतात. त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. अशा कुटुंबाला नव्या गावात प्रथम जाणवतो तो बाजारातील फळांचा बदललेला क्रम. हापूस संपला म्हणजे आंब्याचा हंगाम संपला, ही समजूत येथे टिकत नाही. बोरे, ताडफळ, पपनस यांचे मानही येथे वेगळे आहे.

या फळांचा दैनंदिन आहारात उपयोग कसा करावा, घरी केक किंवा तत्सम पदार्थ भाजताना ती कशी वापरावीत आणि कोणत्या बाबतीत सावध राहावे, याची माहिती या लेखात दिली आहे.

किती फळे खावीत?

बटाटा व तत्सम पिष्टमय कंद वगळून दररोज किमान 400 ग्रॅम फळे व भाज्या खाव्यात, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये भारतीयांसाठी सुधारित आहार-मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिच्यातील नमुना थाळीत दिवसाला सुमारे 100 ग्रॅम ताज्या फळांचा समावेश आहे. एक मध्यम केळे, एक लहान पेरू किंवा वाटीभर पपईच्या फोडी म्हणजे साधारण एवढे वजन होते. हे प्रमाण फार नाही; तरीही अनेक घरांत फळ हे आजाऱ्यासाठी, उपवासासाठी किंवा पाहुण्यांसाठीच आणले जाते.

महाग फळ अधिक पौष्टिक असते, हा गैरसमज दूर होणे आवश्यक आहे. पेरूच्या 100 ग्रॅममध्ये सुमारे 200 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. संत्र्यात ते साधारण 50 मिलिग्रॅम असते. 2020 च्या भारतीय शिफारशींनुसार प्रौढ पुरुषाला दिवसाला 80 आणि स्त्रीला 65 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व पुरेसे होते. म्हणजे अर्धा पेरूही दिवसाची गरज भागवितो. कोलकात्याच्या दक्षिणेस असलेले बारुईपूर पेरू व लिची यांसाठी प्रसिद्ध आहे. त्यामुळे न्यू टाउनच्या रहिवाशांना हे फळ परदेशी सफरचंदांच्या तुलनेत स्वस्त व ताजे मिळते.

फळ आणि फळांचा रस यांत महत्त्वाचा फरक आहे. पेलाभर रसासाठी तीन-चार संत्री लागतात. ती एका वेळी चावून खाणे कठीण. रस मात्र क्षणात पिऊन होतो. गाळताना चोथा, म्हणजेच तंतू, निघून जातो आणि साखर रक्तात लवकर उतरते. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 च्या मार्गदर्शक सूचनांत रसातील साखरेची गणना 'मुक्त साखरे'त केली, अखंड फळातील साखरेची केली नाही. मुक्त साखरेपासून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांहून कमी असावी, असे त्या सूचना सांगतात. 2000 कॅलरींच्या आहारात ही मर्यादा दिवसाला 50 ग्रॅम, म्हणजे सुमारे बारा चमचे साखर एवढी होते. घरी केक करणाऱ्यांनी हा आकडा विशेष ध्यानात ठेवावा.

बंगालचा हंगाम

महाराष्ट्रात जूनच्या पहिल्या पावसाबरोबर हापूसचा निरोप घेतला जातो. त्याच सुमारास बंगालमध्ये हिमसागर भरात असतो. हुगळी, नदिया, मुर्शिदाबाद व मालदा हे आंब्याचे प्रमुख जिल्हे. गोपालभोग आधी येतो. त्यामागून हिमसागर, लंगडा, लक्ष्मणभोग आणि शेवटी आकाराने मोठा फजली. हिमसागराचा गर घट्ट, गोड व जवळजवळ रेषाविरहित असल्याने तो बेकिंगसाठी हापूसइतकाच सोयीचा ठरतो.

लिचीचा हंगाम मे-जूनमधील थोड्याच आठवड्यांचा असतो. पावसाळ्यात उत्तर बंगालमधील अननस येतो, भाद्रपदात पिकलेले ताडफळ आणि हिवाळ्यात दार्जिलिंगच्या डोंगरातील संत्री. महाराष्ट्रात आपण कोवळे ताडगोळे खातो. बंगालमध्ये पिकलेल्या ताडाचा केशरी गर काढून, फडक्यात टांगून त्याचे कडवट पाणी निथळू देतात आणि त्याचे तळलेले 'तालेर बडा' करतात. जन्माष्टमीच्या सुमारास हा पदार्थ घरोघरी होतो.

बोरांविषयीची रीत लक्षणीय आहे. सरस्वतीपूजेपूर्वी बोरे खाऊ नयेत, असा बंगाली घरांतील संकेत आहे. आपल्याकडे संक्रांतीच्या सुगडात बोरे असतात आणि लहान मुलांचे बोरन्हाणही होते. दोन्ही प्रांतांनी एका साध्या फळाला ऋतूच्या उंबरठ्यावर मान दिला आहे.

भाषेतही फळांचा प्रवास दिसतो. अननस हा शब्द दोन्ही भाषांत आहे; आपला पेरू तेथे 'पेयारा' होतो. आपला पाव तेथे 'पाँउरुटी' आहे. फळे व पाव या दोहोंचे हे शब्द पोर्तुगिजांमार्फत आले. कोकण-गोव्याच्या किनाऱ्याप्रमाणेच हुगळीकाठीही त्यांची वसाहत होती.

केकमधले 'फळ' कोणते?

कोलकात्यात केकची परंपरा जुनी आहे. बगदादी ज्यू कुटुंबाने 1902 मध्ये सुरू केलेली 'नाहूम' ही न्यू मार्केटमधील बेकरी आणि 1927 पासूनचे पार्क स्ट्रीटवरील 'फ्लुरिज' ही त्यातील परिचित नावे. नाताळात फ्रूट केकसाठी रांगा लावणाऱ्यांत सर्व धर्मांचे लोक असतात.

तथापि बाजारातील सर्वसाधारण फ्रूट केकमध्ये ताजे फळ क्वचितच असते. लाल-हिरवे-पिवळे तुकडे, म्हणजे टुटीफ्रुटी, हे बहुधा कच्च्या पपईचे असतात. साखरेच्या पाकात मुरवून त्यांना रंग दिलेला असतो. साखरेमुळे केक टिकतो हे खरे. पण अशा केकच्या तुकड्याला फळाचा पर्याय मानणे योग्य नव्हे.

फळ घालून भाजण्याची किंवा वाफवण्याची कल्पना मराठी घराला परकी नाही. कोकणातील आंब्याचे व फणसाचे सांदण हा तांदळाच्या रव्याचा वाफवलेला केकच होय. तवशाचे धोंडस पूर्वी पातेल्याच्या खाली-वर निखारे ठेवून भाजत असत. विजेच्या ओव्हनचे तत्त्व त्याहून निराळे नाही. न्यू टाउनमधील मराठी गृहिणीने हिमसागराच्या रसाचे सांदण केले, तर दोन्ही प्रांतांचा मेळ एका ताटलीत बसतो.

फळ वापरताना घडणाऱ्या क्रिया

फळासह भाजलेला पदार्थ बिघडण्याची कारणे ठरावीक असतात. ती समजून घेतल्यास साहित्य वाया जात नाही.

पाण्याचा अंश : बहुतेक फळांत 80 टक्क्यांहून अधिक पाणी असते. गर वाढविला की दूध किंवा दही त्या प्रमाणात कमी करावे लागते. तसे न केल्यास केक मधोमध ओला राहतो.

तुकडे तळाशी जाणे : ओले, जड तुकडे पातळ मिश्रणात बुडतात. फोडी लहान कराव्यात, कोरड्या कापडाने टिपाव्यात, त्यांवर चमचाभर पीठ भुरभुरावे आणि मिश्रण घट्टसर ठेवावे.

आम्ल व सोडा : दही, अननस, संत्रे यांतील आम्लाशी खाण्याच्या सोड्याचा संयोग होऊन कार्बन डायऑक्साइड तयार होतो व केक फुगतो. मिश्रण कालवल्यावर ते ताटकळत ठेवू नये, कारण वायू निघून जातो. सोडा अधिक झाल्यास साबणासारखी चव येते. जांभूळ, काळी द्राक्षे यांचा जांभळा रंग अधिक सोड्याने निळसर-करडा होतो. अशा वेळी बेकिंग पावडर बरी.

कच्चा अननस व पपई : या फळांत प्रथिने तोडणारी विकरे असतात. त्यामुळे कच्चा अननस मलईत घातल्यास काही वेळाने ती कडवट होते आणि जिलेटिन घट्ट होत नाही. फोडी काही मिनिटे शिजविल्या की हा दोष जातो.

उष्णता : क जीवनसत्त्व उष्णतेने बऱ्याच अंशी नष्ट होते, तंतू व खनिजे टिकतात. म्हणून फळांचा केक हा फळ खाण्याचा पर्याय नसून अधिक साखर न घालता गोडी आणण्याचा उपाय आहे.

दोन कृती

केळ्यांचा कणकेचा केक : साल काळी पडू लागलेली तीन केळी घ्यावीत. पिकताना केळ्यातील पिष्टाची साखर होते, म्हणून अशा केळ्यांस गूळ कमी लागतो. केळी कुसकरून त्यांत 80 ग्रॅम चिरलेला गूळ, 100 ग्रॅम दही व पाव वाटी तेल घालून एकजीव करावे. 200 ग्रॅम कणीक, एक चमचा बेकिंग पावडर व अर्धा चमचा सोडा दोनदा चाळून त्यात हलक्या हाताने मिसळावा. फार घोटू नये. घोटल्याने केक चिवट होतो. तेलाचा हात लावलेल्या भांड्यात घालून 180 अंश सेल्सिअसवर 40 ते 45 मिनिटे भाजावे. मधोमध खुपसलेली काडी कोरडी निघाली की केक झाला.

आंब्याचा रव्याचा केक : 200 ग्रॅम बारीक रवा, 250 ग्रॅम आंब्याचा रस, 100 ग्रॅम दही, 80 ग्रॅम साखर व 60 ग्रॅम पातळ तूप एकत्र करून वीस मिनिटे झाकून ठेवावे. रवा फुगला की गरजेनुसार दोन-तीन चमचे दूध, दीड चमचा बेकिंग पावडर व वेलदोड्याची पूड घालून लगेच 180 अंशांवर 35 ते 40 मिनिटे भाजावे. यात अंडे लागत नाही.

ओव्हन नसल्यास जाड बुडाच्या कढईत मिठाचा थर व त्यावर स्टँड ठेवून, झाकण लावून मंद आचेवर केक भाजता येतो. वेळ थोडा अधिक लागतो.

स्निग्ध पदार्थ निवडताना वेष्टन वाचावे. तेल, वनस्पती तूप व मार्गारिन यांतील औद्योगिक ट्रान्स फॅटचे प्रमाण 2 टक्क्यांपेक्षा अधिक नसावे, हा नियम अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने जानेवारी 2022 पासून लागू केला आहे.

कोलकात्याची हवा दमट आहे. ताज्या फळांच्या केकला उन्हाळ्यात व पावसाळ्यात लवकर बुरशी येते. पूर्ण निवाल्यावर तो बंद डब्यात घालून शीतकपाटात ठेवावा व दोन-तीन दिवसांत संपवावा. बुरशी दिसल्यास तेवढाच भाग कापून उरलेला खाऊ नये.

सावधगिरी आवश्यक

फळे सामान्यतः निर्धोक असली, तरी काही बाबी प्रत्येक घराला ठाऊक असाव्यात.

लिची : बिहारमधील मुजफ्फरपूर येथे लिचीच्या हंगामात मुलांना पहाटे झटके येऊन मृत्यू ओढवत असत. 2014 मध्ये झालेल्या तपासणीचे निष्कर्ष 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. लिचीतील नैसर्गिक विषारी घटक आणि रात्रीचे जेवण न घेणे यांच्या संयोगाने रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरते, असे त्यांत दिसून आले. पोटभर जेवलेल्या मुलाला थोड्या पिकलेल्या लिची देण्यास हरकत नाही. परंतु उपाशीपोटी लिची देऊ नयेत, कच्च्या तर मुळीच नाहीत आणि मुलाला रात्री जेवणाविना झोपवू नये.

करमळ : बंगालमध्ये 'कामरांगा' म्हणून परिचित असलेले हे पंचकोनी आंबटगोड फळ मूत्रपिंडाच्या रुग्णांनी पूर्णपणे टाळावे. त्यातील ऑक्सॅलेट व मज्जासंस्थेवर परिणाम करणारा घटक शरीराबाहेर टाकणे दुबळ्या मूत्रपिंडाला शक्य होत नाही; सतत उचक्या, भ्रम व झटके अशी लक्षणे उद्भवतात.

पपनस : बंगालीत 'बाताबी लेबू' म्हटले जाणारे हे फळ रक्तातील काही औषधांचे प्रमाण बदलू शकते. कोलेस्टेरॉल, रक्तदाब किंवा अवयव-प्रत्यारोपणानंतरची औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच ते खावे.

मधुमेह : मधुमेहींना फळे वर्ज्य नाहीत. पेरू, जांभूळ, पपई यांसारखी फळे बेताने, जेवणाला जोडून न खाता मधल्या वेळी घ्यावीत, रस टाळावा. गुळाचा केकही साखरेच्या केकइतकाच मोजून खावा.

कृत्रिम पिकवणी : कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकविण्यास देशात बंदी आहे. त्यापासून निघणाऱ्या वायूत आर्सेनिक व फॉस्फरसचे अंश असू शकतात. इथिलीन वायूचा नियंत्रित वापर मात्र अनुज्ञेय आहे. हंगामाआधी बाजारात आलेला, सर्वांगी एकसारखा पिवळा पण गंधहीन आंबा घेऊ नये.

सर्व फळे वाहत्या स्वच्छ पाण्याखाली चोळून धुवावीत, साल काढावयाची असली तरीही. कारण सुरी सालीवरील जंतू गरात नेते. साबण वापरू नये. चिरलेली फळे दोन तासांहून अधिक काळ उघड्यावर ठेवू नयेत आणि रस्त्यावर आधीच चिरून ठेवलेल्या फोडी टाळाव्यात.

फळांच्या बाबतीत ऋतू हाच विश्वासू सल्लागार होय. ज्या गावी राहतो तेथील झाडाला ज्या महिन्यात जे फळ लागते, ते त्या वेळी स्वस्त, पक्व व ताजे असते. न्यू टाउनमध्ये जुलैत हापूस शोधण्यापेक्षा फजली घ्यावा, हिवाळ्यात दार्जिलिंगचे संत्रे सोलावे. रोज एक फळ अखंड खावे, आणि अधिक पिकून गेलेले केळे टाकून न देता रविवारच्या केकसाठी राखून ठेवावे. आरोग्य आणि काटकसर या दोहोंना ते मानवते.