भरल्या पानावरून उठवलेला उतारू

वक्त्याची वाट पाहण्याचा अनुभव आपल्याला नवा नाही. परंतु तीन वर्षांपूर्वी नागपुरात एका सभेचे श्रोते दीड तास खोळंबले आणि वक्ता शेवटपर्यंत आलाच नाही. तो वक्ता म्हणजे आम्ही. आम्ही त्या वेळी पुण्याच्या विमानतळावर बसलो होतो. वेळेच्या पुष्कळ आधी पोचलो होतो, पैसे महिन्यापूर्वी भरले होते आणि तिकिटावर जागा पक्की असल्याचे स्वच्छ छापले होते. काउंटरवरची मुलगी यंत्राकडे पाहत म्हणाली, “सर, फ्लाइट फुल झाली आहे.” आम्ही म्हटले, “बाई, त्या भरलेल्यांत आम्ही आहोत ना?” ती म्हणाली, “नाही सर, आपण नाही आहात.” पुढचे विमान दुसऱ्या दिवशी सकाळी होते. आमच्या हाती चहा-फराळाची एक चिठ्ठी आली, आणि ‘सिस्टीम’ या शब्दाखेरीज दुसरे कारण काही मिळाले नाही.

इंग्रजीत याला ‘बम्प’ करणे म्हणतात, म्हणजे धक्का देऊन बाजूला सारणे. आपल्याकडे याहून नेमका शब्दप्रयोग आहे: भरल्या पानावरून उठवणे. आमंत्रण दिले, पाटावर बसवले, भात वाढला आणि म्हटले, “जरा उठता का? पान कमी पडले.” अपमान होतो तो उपाशी राहिल्याचा नव्हे, उठवल्याचा होतो. त्या रागाच्या भरात आम्ही या प्रथेचा इतिहास धुंडाळू लागलो, आणि राग थोडा निवळला तेव्हा ध्यानात आले की या क्षुल्लक वाटणाऱ्या प्रकरणात कायदा, गणित आणि सभ्यता या तिघांची मोठी विलक्षण झटापट झालेली आहे. आज तीच आपल्यापुढे मांडतो.

आधी कंपनीची बाजू ऐकू, कारण ती अगदीच पोकळ नाही. विमानातील खुर्ची हा विलक्षण नाशवंत माल. केळी आज विकली नाहीत तर उद्या निम्म्या भावाने तरी जातात. उडून गेलेल्या विमानातील रिकामी खुर्ची उद्या कोणी फुकटही घेत नाही. आणि जागा राखून ठेवून न येणारे उतारू ही जुनी व्याधी आहे. त्या काळच्या अमेरिकेत जागा राखणे आणि सोडणे यांस दंड नव्हता. धंद्यानिमित्त फिरणारा गृहस्थ सकाळच्या, दुपारच्या आणि संध्याकाळच्या अशा तिन्ही विमानांत जागा धरून ठेवी आणि काम आटोपेल त्याप्रमाणे एकाने जाई. १९६१ साली तेथील सरकारी नागरी विमानवाहतूक मंडळाला आढळले की प्रमुख कंपन्यांच्या दर दहा आरक्षणांमागे सुमारे एक उतारू येतच नाही.

मग कंपन्यांनी काय करावे? त्यांनी गणित केले. मार्टिन बेकमन या अर्थशास्त्रज्ञाने १९५८ मध्येच ‘इकॉनोमेट्रिका’ या नियतकालिकात हा प्रश्न गणिती भाषेत मांडला होता. आपण साधा हिशेब करून पाहू. शंभर खुर्च्यांच्या विमानाची १०७ आरक्षणे घेतली आणि दहांतील एक जण येत नाही असे धरले, तर सरासरीने शहाण्णव-सत्त्याण्णव माणसे दारी येतील. शंभरांहून जास्त येण्याचा प्रसंग शंभर खेपांत सुमारे आठदा यावा, आणि त्यातही बहुधा एक-दोघेच उरावेत. बाकी ब्याण्णव खेपांना कोणाच्या केसालाही धक्का नाही. गणित म्हणून हे चोख आहे. पुढे संगणक आले. ‘आयबीएम’च्या साहाय्याने अमेरिकन एअरलाइन्सने उभारलेली ‘सेबर’ ही आरक्षणयंत्रणा १९६४ च्या सुमारास पूर्ण झाली. तेव्हा कार्डांवर ठेवलेला हिशेब विजेच्या वेगाने होऊ लागला.

गणित चोख होते, पण ते उतारूला कोणी सांगितले नव्हते. तिकिटावर ‘पक्के’ असेच छापले जाई. आमच्या मते साऱ्या प्रकरणाचे मूळ येथे आहे. शंभर पानांवर १०७ जणांना जेवायला बोलावणे एक वेळ क्षम्य; पण प्रत्येकाला ‘तुमचे पान मांडूनच ठेवले आहे’ असे सांगणे ही दुसरी गोष्ट.

दुसरा प्रश्न, उठवायचे कोणाला? १९५४ साली एला फिट्झजेराल्ड ही विख्यात कृष्णवर्णीय गायिका पॅन अमेरिकन कंपनीच्या विमानाने ऑस्ट्रेलियास कार्यक्रमांसाठी निघाली होती. पहिल्या वर्गाची तिकिटे होती. होनोलुलूस विमान थांबले, ही मंडळी खाली उतरली, आणि तिला व तिच्या सहकाऱ्यांना परत चढू दिले गेले नाही. ऑस्ट्रेलियातले कार्यक्रम बुडाले. वर्णामुळे आपल्याला वगळले असे म्हणून तिने दावा लावला. खालच्या न्यायालयाने तो फेटाळला. १९५६ मध्ये अपील-न्यायालयाने म्हटले की पक्षपात करू नये असे कायदा सांगतो, तेव्हा ज्याच्या बाबतीत तो झाला त्याला दाद मागता आलीच पाहिजे. अखेर प्रकरण तडजोडीने मिटले. सगळ्यांच्याच वाट्याला असा वर्णद्वेष येत नसे. परंतु ज्युलियन सायमन या अर्थशास्त्रज्ञाने पुढे लिहून ठेवले आहे की कंपन्या त्या काळी म्हाताऱ्यांना आणि सैनिकांना वगळीत, कारण ते तक्रार करण्याचा संभव सर्वांत कमी! गरीब गाय पाहून दावे बांधण्याची रीत सगळीकडे सारखीच.

पण एकदा चुकून त्यांनी भलत्याच माणसाला उठवले. २८ एप्रिल १९७२ चा दिवस. वॉशिंग्टनहून हार्टफर्डला जाणाऱ्या अलेगेनी एअरलाइन्सच्या विमानात राल्फ नेडर यांची जागा राखलेली होती. मोटारींच्या असुरक्षिततेवर १९६५ साली पुस्तक लिहून बलाढ्य कारखानदारांची झोप उडवणारे ते हेच वकील. हार्टफर्डला दुपारी एका नागरिक-संघटनेची सभा होती आणि नेडर तिचे वक्ते होते. ते सुटण्याच्या वेळेपूर्वी पाचच मिनिटे विमानतळावर पोचले, हे खरे; पण जागा गेली ती त्यामुळे नव्हे. तासाभरापूर्वीच शंभर जागांवर १०७ आरक्षणे पक्की झालेली होती.

तेथे नेडर यांनी जे विचारले ते ध्यानात ठेवण्यासारखे आहे. ते म्हणाले, आधीच बसलेल्यांपैकी आपखुशीने मागे राहायला कोणी तयार आहे का, एवढे विचारून पाहा. प्रतीक्षेतला कोणी चुकून आत बसला आहे का तेही पाहा. दोन्ही विनंत्या नाकारल्या गेल्या. लहान विमानाने फिलाडेल्फियास जाऊन तेथून हार्टफर्ड गाठावे, असे कंपनीने सुचवले. तेथली जोडगाडी चुकेल या भयाने नेडर यांनी ते घेतले नाही. ते बॉस्टनला उडाले आणि तेथून मोटारीने स्टॉर्स येथील विद्यापीठातल्या नंतरच्या सभेस गेले. हार्टफर्डचे श्रोते मात्र बसून राहिले. तिकिटाइतकी नुकसानभरपाई म्हणून कंपनीने ३२ डॉलर ४१ सेंट पुढे केले. नेडर यांनी ती रक्कम नाकारली आणि न्यायालयाचे दार ठोठावले.

जिल्हा न्यायालयाने प्रत्यक्ष नुकसानीबद्दल नेडर यांना १० डॉलर आणि संघटनेला ५१ डॉलर दिले. शिवाय दंड म्हणून प्रत्येकाला २५,००० डॉलर. अपिलात हा निकाल फिरला, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ७ जून १९७६ रोजी न्यायमूर्ती पॉवेल यांनी एकमताचा निर्णय दिला. जादा आरक्षण करणे बेकायदा आहे असे न्यायालयाने म्हटले नाही, हे नीट समजून घ्यावे. प्रश्न होता तो एवढाच, की ‘ही गोष्ट आमच्यापासून लपवली’ अशी तक्रार उतारूला आधी सरकारी मंडळाकडे न जाता थेट न्यायालयात नेता येईल काय? न्यायालय म्हणाले, येईल. दंडाच्या मोठ्या रकमा पुढच्या अपिलांत टिकल्या नाहीत. पण निकालपत्रातील आकडे जगापुढे आले: १९७२ मध्ये अमेरिकेतील देशांतर्गत विमानांतून दर दहा हजार उतारूंमागे सरासरी ५.४ जणांना असे वगळले गेले. म्हणजे दोन हजारांत एक! कोणीही म्हणेल, एवढ्यासाठी का इतका गहजब? परंतु त्याच वर्षीची एकूण बेरीज ८२,००० च्या वर जाते. कोणाचे लग्न, कोणाचे प्रेत, कोणाची परीक्षा. दहा हजारांतले ५.४ म्हणताना यांतले काही दिसत नाही.

याच सुमारास इंग्लंडातही एक गंमतीचा खटला झाला. १९७३ च्या ऑगस्टमध्ये एका गृहस्थांना बीओएसी कंपनीने पत्राने कळवले की बर्म्युडाच्या विमानातली आपली जागा पक्की आहे. ते गेले तेव्हा जागा नव्हती. मालाचे खोटे वर्णन करण्यास बंदी करणाऱ्या १९६८ च्या कायद्याखाली खटला झाला, तो हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत पोचला. जादा आरक्षण करणाऱ्या कंपनीने ‘पक्के’ म्हणणे हे खोटे विधानच होय, असे तेथे ठरले. तरी कंपनी सुटली. कारण पत्र धाडणारी बीओएसी विलीन होऊन तिच्या जागी ब्रिटिश एअरवेज आली होती, आणि पूर्वजाच्या गुन्ह्याबद्दल वारसाला शिक्षा कशी करावी? कायद्याची वाट अशीच असते.

आता पुन्हा सायमन यांच्याकडे वळू. इलिनॉय विद्यापीठातल्या या प्राध्यापकाने १९६८ मध्ये एक छोटे टिपण छापले. ‘जवळजवळ व्यवहार्य’ उपाय असे नाव त्याने स्वतःच त्याला दिले होते. उपाय असा: माणसे जास्त झाली की प्रत्येकाला एक लिफाफा द्यावा. किती पैसे मिळाले तर आपण पुढच्या विमानाने जाल, तो कमीत कमी आकडा लिहून द्या. सर्वांत कमी आकडा ज्याचा, त्याला रोख पैसे आणि पुढचे तिकीट. ज्याला घाई आहे तो मोठा आकडा लिहील व जाईल. ज्याला घाई नाही तो खुशीने राहील. कोणी दुखावले जात नाही. सायमन यांनी कंपन्यांना पत्रे लिहिली, आणि कंपन्यांनी ही कल्पना हसण्यावारी नेली.

जवळजवळ दहा वर्षे ती तशीच पडून राहिली. १९७७ मध्ये अल्फ्रेड कान हे कॉर्नेल विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ त्या सरकारी मंडळाचे अध्यक्ष झाले. नेडर यांच्या खटल्याचा आवाज अजून विरला नव्हता. १९७८ मध्ये नियम झाला की जबरदस्तीने कोणास वगळण्यापूर्वी कंपनीने आपखुशीने राहणारा कोणी आहे का हे विचारलेच पाहिजे. नेडर यांनी त्या सकाळी काउंटरवर केलेली आणि धुडकावली गेलेली विनंती सहा वर्षांनी कायदा झाली, आणि ज्यांना उठवले जाई त्यांचा आकडा त्यानंतर पुष्कळ खाली आला.

तरीही ९ एप्रिल २०१७ रोजी शिकागोच्या विमानतळावर काय घडले ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. लुइव्हिलला जाणाऱ्या युनायटेडच्या विमानात सारे उतारू बसले होते. मग कंपनीच्याच चार कर्मचाऱ्यांना तिकडे पोचवायचे निघाले. ४०० डॉलर, मग ८०० डॉलर देऊ केले, कोणी उठेना. आकडा वाढवण्याऐवजी कंपनीने चार नावे काढली. त्यांतले एकोणसत्तर वर्षांचे एक डॉक्टर, ‘उद्या माझे रोगी आहेत’ म्हणून उठेनात. विमानतळाच्या सुरक्षा-माणसांनी त्यांना ओढून फरफटत बाहेर काढले. तोंड रक्ताने माखले होते. आपल्याकडे घरची माणसे शेवटच्या पंगतीला बसतात. येथे घरच्यांसाठी पाहुण्याला ओढून काढले. नंतर त्याच कंपनीने आपखुशीने उठणाऱ्यास १०,००० डॉलरपर्यंत देण्याचे जाहीर केले. आठशेच्या वर बोली चढवायची नाही हा हट्ट तिला किती महाग पडला! २०१८ च्या कायद्याने, एकदा विमानात बसलेल्या उतारूला केवळ जागेसाठी उठवण्यास अमेरिकेत बंदी झाली.

आपल्या देशाचे सांगायचे तर १९५३ साली विमानकंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हापासून चार दशके देशातल्या देशात जवळजवळ एकच कंपनी होती. जागा मिळणे हाच भाग्योदय, मग तक्रार कोणाकडे करणार? १९९४ मध्ये तो कायदा गेला, नव्या कंपन्या आल्या, आणि त्यांच्याबरोबर जादा आरक्षणाचे गणितही आले. नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने २०१० साली नियम केले, २०१६ मध्ये भरपाईच्या रकमा वाढवल्या. त्यांप्रमाणे आधी आपखुशीने राहणारे विचारायचे. न मिळाल्यास, वेळेवर आलेल्या पक्क्या आरक्षणाच्या उतारूला तासाभरात दुसरे विमान दिले तर भरपाई नाही. चोवीस तासांच्या आत दिले तर मूळ एकेरी भाडे व इंधन-आकार यांच्या दुप्पट, १०,००० रुपयांच्या मर्यादेपर्यंत. त्याहून उशीर झाल्यास चौपट, २०,००० पर्यंत.

हे सारे आम्हांला त्या दिवशी ठाऊक नव्हते, आणि काउंटरवर कोणी सांगितलेही नाही. ‘कोणी थांबेल का?’ हा प्रश्न तर आम्ही तेथे बसल्यापासून एकदाही कानी आला नाही. आमच्या शेजारी वर्ध्याला लेकीकडे निघालेल्या एक आजी बसल्या होत्या; त्यांनाही वगळले होते. त्या म्हणाल्या, “आम्ही काही बोललो नाही म्हणून असेल का हो?” सायमन यांचे ते वाक्य तोवर आम्ही वाचलेले नव्हते.

पुढे नियमाचा हवाला देऊन आम्ही कंपनीस पत्र लिहिले. पाच आठवड्यांनी गैरसोयीबद्दल खेद व्यक्त करणारे उत्तर आले, सोबत सहा महिन्यांत वापरायचे सवलतीचे कुपन. दुसरे पत्र लिहिले, त्यात रुपयांचा आकडा आणि नियमाचे वर्ष घातले. तेव्हा पैसे आले. आजींचा पत्ता आम्ही घेऊन ठेवला नाही, ही चूक मात्र आमची.

नागपूरकरांनी मोठ्या मनाने पुन्हा बोलावले. त्या खेपेस आम्ही रेल्वेने गेलो. तिकिटावर प्रतीक्षायादीतला चौदावा क्रमांक ठसठशीत छापलेला होता. निघण्याच्या दिवशी दुपारी जागा पक्की झाल्याचे कळले, आणि संध्याकाळी आम्ही बिछाना घेऊन पुणे स्टेशनावर हजर झालो.