लंडनच्या गटारातील चरबी आणि बसगाड्यांचे इंधन

१/७
२०१७ साली लंडनच्या व्हाइटचॅपल रस्त्याखालील गटारात सुमारे २५० मीटर लांब, १३० टन वजनाचा आणि दगडासारखा कठीण गोळा सापडला. मोरीत ओतलेले तेल, चरबी आणि त्यात गुंतलेले वेट वाइप्स यांचा तो बनला होता. अशा गोळ्याला इंग्रजीत ‘फॅटबर्ग’ म्हणतात. त्यातील काही चरबीचे पुढे बायोडिझेल झाले. ते कसे, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

२/७
१८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदीच्या दुर्गंधीने ब्रिटिश संसदेलाही हैराण केले. त्यानंतर अभियंता जोसेफ बॅझलजेट यांनी ८२ मैल लांबीच्या मुख्य भुयारी गटारांचे जाळे उभारले. त्या काळी चरबी मात्र सहसा फेकली जात नसे. साबण आणि मेणबत्त्यांसाठी तिला मागणी होती. मांस भाजताना गळलेली चरबी विकून स्वयंपाकिणी चार पैसे मिळवीत.

३/७
चरबीच्या रेणूत ग्लिसरीनला मेदाम्लांच्या तीन साखळ्या जोडलेल्या असतात. मिथेनॉलसारखे अल्कोहोल आणि अल्कली वापरले की ग्लिसरीन सुटे होते आणि मेदाम्लांचे पातळ एस्टर मिळतात. हे एस्टर म्हणजेच बायोडिझेल. एका क्रियेतून दोन पदार्थ मिळतात. त्यांतला कोणता मोलाचा, हे मात्र काळ ठरवतो.

४/७
१९३७ मध्ये ब्रसेल्स विद्यापीठातील जी. शावान यांनी याच पद्धतीने पाम तेलापासून इंधन बनवण्याचे पेटंट घेतले. कच्चे तेल दाट असल्याने इंजिनात त्रास देते. एस्टर तसा देत नाही. १९३८ मध्ये ब्रसेल्स ते लूव्हेन मार्गावर या इंधनावर बस धावली.

५/७
पुढे युद्ध आले आणि पारडे फिरले. १९४२ पासून अमेरिकेत गृहिणींना तव्यावरची उरलेली चरबी डब्यात साठवून खाटकाच्या दुकानात देण्याचे आवाहन करण्यात आले. आता हवे होते ते ग्लिसरीन; कारण त्यापासून स्फोटके बनत. युद्ध संपल्यावर खनिज तेल स्वस्त राहिले आणि स्वयंपाकघरातली चरबी पुन्हा कचरा ठरली.

६/७
व्हाइटचॅपलचा गोळा फोडायला नऊ आठवडे लागले. संरक्षक पोशाखातील कामगारांनी पाण्याचे जोरदार फवारे मारून आणि फावड्यांनी खणून तो काढला. गटारातील चरबी कुजलेली असते आणि तिच्यात सुटी मेदाम्ले फार असतात. अल्कली थेट घातले तर इंधनाऐवजी साबण तयार होतो. म्हणून आधी कचरा व पाणी वेगळे करावे लागते, मग आम्लाची प्रक्रिया करावी लागते. या गोळ्यापासून सुमारे १०,००० लिटर बायोडिझेल मिळेल, असा अंदाज तेव्हा मांडला गेला.

७/७
२०१८ मध्ये या गोळ्याचा वाळवलेला तुकडा म्युझियम ऑफ लंडनमध्ये मांडण्यात आला आणि तो पाहायला गर्दी लोटली. परंतु जी चरबी एके काळी स्वयंपाकघराच्या दारातच विकली जाई, ती परत मिळवण्यासाठी आता माणसांना भुयारात उतरावे लागले. रसायनशास्त्राने गटारातूनही इंधन काढून दाखवले, हे खरे. पण तेच तेल मोरीत न ओतता डब्यात साठवले असते, तर हे काम कितीतरी सोपे झाले असते.